वर कुठं, खाली कुठं

मंगळू विहिरीत बुडता बुडता वाचला, ही बातमी वाडीवर आली तेव्हा म्हातारा धर्मा चक्क हसला. म्हणाला, उद्या येऊन सांगाल की बेडूक बुडाला. बाकीच्यांनाही ती थट्टाच वाटली. पण थोड्या वेळानं खुद्द मंगळूच आला, बायकोच्या, तानीच्या खांद्यावर हात टाकून, ओल्या लंगोटीत, ओठ काळेनिळे. मग मात्र धर्माचं हसू जागच्या जागी थिजलं.

आता हा मंगळू कोण, ते आधी सांगायला पाहिजे. शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या डोंगरपट्टीत त्याची आदिवासी वाडी. शेती म्हणजे नावाला नाचणीचा तुकडा. पण आसपासच्या कुठल्याही गावात विहिरीत काही पडलं की माणूस मंगळूकडे धावत यायचा. हंडे, कळशा, पोहरे, मोटारीचे सुटे भाग, एकदा तर कुणाच्या लग्नातली समई. लोक आधी गळ टाकून बघायचे, दोराला लोखंडी आकडे बांधून विहीर चाळायचे. गळानं हात टेकले की म्हणायचे, आता मंगळूला बोलवा. मंगळू यायचा, विहिरीच्या पाण्यानं चूळ भरायचा, पाण्यातल्या देवींना, आसरांना हात जोडायचा, डोळे मिटायचा आणि जायचा. वर बायका पदर तोंडाला लावून उभ्या. एखादी म्हणायची, गेला गो बाय, आता कसला येतोय. आणि तेवढ्यात हा हंडा डोक्यावर पालथा घालून वर.

डोळे मिटून बुडी मारायची, ही त्याच्या बापाची, बुधूची शिकवण. बुधू म्हणायचा, खालती पाणी काळं असतं, डोळे उघडून दिसत तर काय नाय, फुकटची भीती मात्र आत शिरते. हातानं बघावं. त्या घरात सगळे तसंच शिकले. आणि वर यायचं म्हणजे काय, त्याचा विचार कुणी करतं का? आपण उठून उभे राहतो तेव्हा विचारतो का कुणाला, की बाबा रे, आभाळ कुठल्या बाजूला?

शहाण्णव सालच्या पावसाळ्यात त्याला खोकला लागला. खोकल्यातून रक्त पडलं तसं तानीनं त्याला जीपमध्ये घालून शहापूरला नेलं. छातीचा फोटो काढला, टी.बी. निघाला. गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांत अंग धरलं, खोकला गेला, आणि ह्या शहाण्यानं गोळ्या बंद केल्या. बरं वाटलं की औषध बंद, ही आपल्याकडची जुनीच खोड. वर्षभरात दुखणं दुप्पट होऊन परत आलं. डॉक्टरनं त्याला उभा-आडवा झापला आणि ह्या वेळी गोळ्यांबरोबर रोजची सुई लिहून दिली, दोन महिने.

सुई म्हटल्यावर मंगळू खूश. वाडीवर गोळीला औषध म्हणतच नाहीत. गोळी काय, पोटात गेली न् विरघळली, कुणी पाहिलंय ती कुठं जाते? सुई टोचते, कमरेला गाठ येते, मग माणसाला पटतं की काहीतरी आत गेलं. दवाखान्यातली सिस्टर भली बाई होती. सुई देताना न चुकता विचारायची, चक्कर येते का, कानात आवाज येतो का. मंगळू म्हणायचा, नाय.

पहिले काही आठवडे ते खरंच होतं. मग एक दिवस भर दुपारी त्याच्या कानात रातकिडे ओरडायला लागले. खाट झोक्यागत हलायला लागली. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं विचारलं, तरीही हा म्हणाला, नाय. त्याचं कारण त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. डोळखांबकडचा एक जण त्याच्याच बरोबर सुई घ्यायला यायचा. तो एकदा म्हणाला, होय बाई, चक्कर येते. त्या दिवसापासून त्याची सुई बंद झाली, नुसत्या गोळ्या हातावर ठेवल्या. आणि दिवाळीच्या आधी तो मेला. त्याच्या छातीत आधीच काही उरलं नव्हतं, हे मंगळूला कोण सांगणार? त्यानं आपला हिशेब केला. होय म्हणालं की सुई बंद, सुई बंद की माणूस खलास. म्हणून तो शेवटच्या सुईपर्यंत नाय, नाय, नायच म्हणत राहिला. तानीलाही त्यानं सांगितलं नाही.

टी.बी. गेला. ह्या वेळी खरोखरचा गेला. पण मंगळूची चाल बिघडली. दिवसाढवळ्या सपाट रस्त्यावर तो बरा असायचा, फक्त पाय फाकवून चालायचा. शेताच्या बांधावर मात्र झोकांड्या. चालताना समोरचं सगळं उडतं, म्हणायचा. एस.टी.ची पाटी वाचायची तर थांबावं लागायचं, पावलं टाकत असताना अक्षरं जागेवर राहायचीच नाहीत. दिवेलागण झाली की घराची भिंत धरून हिंडायचा. लोकांनी एकच अर्थ काढला. मोहाची धरलीन् वाटतं मंगळूनं, टी.बी.तून उठला न् बाटलीत बुडला. तोंडावर कुणी बोलत नव्हतं, पण पोरं मागून त्याची चाल करून दाखवायची. तानीलाही संशय आला. एका संध्याकाळी तिनं त्याचं तोंड धरून वास घेतला. एकदा घेतला, दोनदा घेतला. वास नव्हता. दारू असती तर भांडता तरी आलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात खालच्या गावातून बोलावणं आलं. बारकू हा तिथला बऱ्यापैकी शेतकरी, भात आणि उन्हाळी भेंडी करणारा. त्याच्या घरी लग्न होतं, आणि त्याच्या बायकोचा, गोजरचा, माहेरून आलेला तांब्याचा हंडा गडबडीत विहिरीत गेला होता. मंगळू गेला. आजारानंतरची ही पहिलीच बुडी. चूळ भरली, हात जोडले, डोळे मिटले, गेला.

हंडा सापडला, तो सापडणारच. हात शिकलेले होते. हंड्याच्या काठाला धरून त्यानं तो काखोटीला मारला आणि वर यायला पाय झाडले. हात पुढे गेला तो गाळात रुतला. त्याला वाटलं, आपण अजून खालीच आहोत. वळला, पुन्हा पाय झाडले, जोरात. पुन्हा गाळ. कपाळ दगडावर आपटलं. हंडा सुटला. तिसऱ्यांदा झेपावला तर बोटाखाली परत तोच गाळ, मऊ, थंड. त्या काळोखात त्याच्या लक्षात आलं की वर कुठं आहे ते आपल्याला माहीत नाही. चाळीशीला आलेला माणूस, दुधाच्या दातांपासून पाण्यात असलेला, आणि त्याला वर कुठं ते कळेना. भीती म्हणजे काय, ते त्याला तेव्हा समजलं. हातपाय गळाले, आणि गळाले म्हणूनच वाचला. अंग ढिलं पडलं तसं पाण्यानंच त्याला उचलून वर टाकलं.

काठावर ओढून काढल्यावर तो ओकला, आणि उभा राहायला गेला तर कोलमडला. मांडवातली सगळी माणसं बघत होती. बारकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिऊन उतरतोस होय आमच्या विहिरीत, लग्नाच्या घरात मढं काढायला लावतोस, असं बरंच काही तो बोलला. मंगळू काय सांगणार? पाणी खोटं बोललं म्हणून?

वाडीवर सगळ्यांचं मत पडलं की आसरा कोपल्या. धर्मानं कोंबडा कापायला सांगितला. कोंबडा कापला, नारळ वाढवला. मंगळू ओहोळाच्या कमरेभर पाण्यात जाऊन बसला, डोळे मिटले, डोकं खाली घातलं, आणि पुन्हा तेच. कमरेभर पाणी हो! तानीनं केस धरून ओढून काढलं.

पुढच्या हिवाळ्यात मुरबाडला एका शाळेत कानाच्या आजाराचं शिबिर भरलं. मंगळूच्या कानातले रातकिडे अजून गप्प झाले नव्हते, म्हणून तानी त्याला घेऊन गेली. डॉक्टर बाई मुंबईच्या, वयानं लहान. त्यांनी कानात बघितलं, कान साफ. मग विचारलं, अजून काय होतं? तानीनं सगळं सांगितलं, हंड्यापासून ओहोळापर्यंत. डॉक्टर बाई खुर्चीतून उठल्या.

त्यांनी मंगळूला वर्गाच्या मधोमध उभं केलं, टाचेला टाच लावून. तो उभा राहिला. मग म्हणाल्या, आता डोळे मिटा. मंगळूनं डोळे मिटले आणि तो तोडलेल्या झाडासारखा सरळ आडवा झाला. डॉक्टर बाईंनी आणि शिपायानं मधेच झेललं म्हणून डोकं वाचलं. सपाट फरशी, भर दिवस, कुणी धक्का दिलेला नाही. बाहेर रांगेत बसलेली माणसं उठून दाराशी आली. तानी भिंतीला टेकून खाली बसली.

डॉक्टर बाईंनी स्टीलचा पेला पाण्यानं भरून आणला, त्यात गवताची एक काडी टाकली आणि पेला जागच्या जागी गर्रकन फिरवला. पेला फिरला, काडी मात्र होती तिथंच राहिली. मंगळूला पाण्यातलं काही समजावून सांगावं लागत नाही, त्यानं लगेच मान हलवली. आत पाणी मागं राहतं, म्हणाला. मग त्यांनी सांगितलं की प्रत्येकाच्या कानाच्या आत, हाडात, अशाच बारीक पोकळ कड्या असतात, एका कानात तीन, तीन दिशांना वळलेल्या, पाण्यानं भरलेल्या. आपण डोकं वळवलं की कडी वळते, पाणी मागं राहतं, आणि तिथले केसांसारखे बारीक तंतू वाकतात. शेजारीच दोन छोट्या पिशव्या, त्यांत चुन्याचे बारीक खडे. ते नेहमी जमिनीकडे ओढ खातात. त्यावरनं डोक्याला कळतं की खाली कुठं, वर कुठं. जन्मल्यापासून मरेपर्यंत हे काम चालू असतं, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

"माणसाचा तोल तिघं मिळून सांभाळतात," त्या म्हणाल्या. "डोळे, तळपाय आणि कान. तुमचे कान गेलेत, ऐकायचे नव्हे, तोलाचे. दोन्ही बाजूंचे. जमिनीवर डोळे आणि तळपाय निभावून नेतात. पाण्यात तळपाय अधांतरी. तिथं डोळे मिटलेत की सांगणारं कुणीच उरत नाही."

मंगळूनं विचारलं, कशानं गेले? डॉक्टर बाईंनी आधी विचारलं, टी.बी.ची सुई घेतली होती का? मग म्हणाल्या, त्या सुईनं तुमचा जीव वाचवला, तिला दोष देऊ नका. पण काही जणांचे ते कानातले तंतू तिनं जळतात. म्हणून तर सुई देताना विचारायची पद्धत आहे, चक्कर येते का, कानात आवाज येतो का. सांगितलं असतंत तर सुई थांबवून दुसरं औषध दिलं असतं.

तानीनं नवऱ्याकडे बघितलं. मंगळू पेल्यातल्या काडीकडे बघत होता. त्यानं विचारलं, परत उगवतात का ते? डॉक्टर बाई म्हणाल्या, नाही. आणि मग आवाज चढवून म्हणाल्या की इथून पुढं पाण्यात उतरायचं नाही, विहीर नाही, ओहोळ नाही, धरण तर नाहीच, उतरलात तर मराल. वाडीवर कुणाला त्यांनी काही सांगितलं नाही. सांगून कोण मानणार होतं, की माणसाच्या कानात पाणी असतं आणि ते बिघडलं म्हणजे माणूस झिंगतो? त्यापेक्षा दारुडा म्हणवून घेणं सोपं.

पाण्यात उतरणं सुटलं. बुडी मारणारा मंगळू मजुरीला लागला. उन्हाळ्यात बारकूच्या मळ्यात भेंडी तोडायची, नवरा-बायको दोघांनी. बारकूनं रागावून का होईना, काम दिलं, पण रोज सकाळी ऐकवायचा, आज घेतली नाहीस ना रे?

भेंडी तोडायला उन्हं चढायच्या आत हात लावावा लागतो. त्या दिवशीही सगळे सरीत वाकलेले. बारकूची पोरगी रेश्मा, नवव्या इयत्तेतली, विहिरीवर घागर भरत होती. काठाचा दगड निखळल्याचा आवाज झाला, मग पाण्याचा. किंकाळीसुद्धा नाही. बारकू धावला आणि कपड्यांनिशी उडी टाकली. त्याला पोहता यायचं, पण बुडी म्हणजे पुरुषभर, त्याच्या खाली नाही. दोनदा गेला, दोनदा रिकाम्या हातानं वर आला. तिसऱ्यांदा त्याला जाता येईना, मोटारीचा पाइप धरून तो तिथंच धापा टाकायला लागला. वर काठावर मंगळू उभा होता.

"मंगळू," बारकू खालून म्हणाला, "माझी पोर काढ रे."

मंगळू हलला नाही. बारकूनं आधी विनवलं, मग शिव्या दिल्या, मग रडला. मंगळूच्या डोळ्यांपुढं हंडा नव्हता, आसरा नव्हत्या, फक्त तो मऊ थंड गाळ होता, हात लावावा तिकडे गाळ. आपण खाली गेलो तर वर येणार नाही, हे त्याला स्वच्छ ठाऊक होतं. पाण्यावर वर्तुळं उठायची थांबली होती. आणि तो पायऱ्यांवरून बसत बसत खाली गेला, बारकूच्या हातातून पाइप घेतला, दोन्ही मांड्यांत धरला आणि उलटा सरकत पाण्याखाली गेला.

आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून. हिरवं, मग काळं. पण पाइप मांडीत होता तोवर त्याला ठाऊक होतं, आपण खाली चाललोय. पाइप संपला. एका हातानं तो धरून दुसऱ्या हातानं त्यानं चारी बाजूंना चाचपलं. बोटांना केस लागले आणि निसटले. अजून वीतभर हात लांब पाहिजे होता. आता पाइप सोडायचा म्हणजे काय, हे डॉक्टर बाईंपेक्षा त्याला जास्त कळत होतं. त्यानं सोडला.

पोर हाताला लागली. वेणीला धरून त्यानं तिला छातीशी ओढलं, त्या ओढाताणीत दोघं फिरली, आणि झालं. वर कुठं, खाली कुठं, काही कळेना. पाइप कुठं गेला कुणास ठाऊक. छाती फुटायला आली. मन सांगत होतं, हे इकडे वर, मार पाय. त्यानं पाय मारले नाहीत. हंड्याच्या वेळीही मनानं असंच सांगितलं होतं. मोकळा हात त्यानं तोंडावर धरला आणि आतला उरलासुरला श्वास थोडा सोडला. बुडबुडे ओठावरून हनुवटीकडे, हनुवटीवरून गळ्याकडे, छातीकडे पळाले. म्हणजे आपलं डोकं खाली आहे. ज्याला तो वर म्हणत होता तिथं गाळ होता. जिवाच्या आकांतानं मन एकीकडे ओढत असताना मंगळू बुडबुड्यांच्या मागं दुसरीकडे गेला.

बारकूनं दोघांना धरलं. रेश्माला काठावर पालथं घातलं, पाठीवर थापा मारल्या, तशी ती पाणी ओकली, खोकली आणि आईच्या नावानं रडायला लागली. ते रडणं ऐकून बारकू गुडघ्यावर बसला. मंगळूला कुणीतरी बखोटीला धरून उभं केलं होतं. एवढ्यात मळ्याच्या पार पलीकडच्या टोकाहून भेंडीच्या सऱ्या तुडवत तानी आली. तिनं मंगळूच्या ओल्या अंगाकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं, आणि सगळ्या गावासमोर नवऱ्याच्या फाडकन थोबाडीत मारली.

मंगळूचे डोळे क्षणभर मिटले आणि तो उभ्याचा आडवा झाला. कुणीतरी सवयीनं म्हणालं, सकाळीच घेतलीय वाटतं. तानी त्या माणसाकडे अशी वळली की तो मागं सरला.

"थेंब नाय घेत तो," ती म्हणाली. "टी.बी.च्या सुईनं याच्या कानातला तोल गेला. डोळे मिटले की याला वरखाली कळत नाय. डॉक्टरीण म्हणाली होती, पाण्यात उतरशील तर मरशील. याला ठाऊक होता. ठाऊक होता न् उतरला."

बारकू पोरीला सोडून उठला. तानीकडे बघितलं, मग खाली पडलेल्या मंगळूकडे. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं, मघाशी पोर पाण्यात असताना पडलं होतं त्याहून जास्त.

"वर यायचा रस्ता ठाऊक नसताना गेलास?" त्यानं विचारलं.

मंगळूनं पडल्या पडल्या मान हलवली.

बारकूनं कमरेचा टॉवेल सोडून पिळला, मंगळूचं डोकं पुसलं, त्याला उठवून उभं केलं आणि त्याचा हात धरून बांधावरून त्याच्या पुढं चालायला लागला. गाव बघत होतं. वाडीच्या कुणाचा हात त्या घरातल्या माणसानं असा कधी धरला नव्हता. वाडीवर मंगळूच्या दारात पोचेपर्यंत बारकूनं तो सोडला नाही.